शेवटच्या बांधीपर्यंत पोचणारा ‘गा’

फोनवर नाव आलं ‘डोमादादा’. सकाळचे सात वाजले असतील. कुडव्याच्या घरासमोर मी ओल्या फडक्यानं स्कूटीची सीट पुसत होतो. फोन कानाला लावला आणि नेहमीसारखं म्हणालो, ‘बोल दादा.’ पलीकडून दादाचा खोकला आला नाही. त्याचा थोरला जावई बोलत होता. ‘काकाजी, मी बोलून रायलो... मामाजी गेले.’ आमच्या भागात जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी त्या सकाळी दोन क्षण मी विचारात पडलो, की ह्याचे कोणते मामा गेले? माणसाला ऐकायचं नसलं की तो असा अडाणी होतो. मग कळलं. फडकं हातातच राहिलं. आणि खरं सांगतो, दादा गेला याच्याही आधी मनात आलं ते हे, की मागायचं राहिलं. मला त्याच्याकडून एक गोष्ट परत मागायची होती. ती वस्तू नव्हती, जमीन नव्हती. एक अक्षर होतं. अठरा वर्षांपूर्वी मीच ते त्याच्या तोंडून काढून घेतलं होतं.

ज्यांचा आमच्या झाडीपट्टीशी, म्हणजे पूर्व विदर्भाशी, संबंध आला नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे पुरुषाशी बोलताना ‘गा’ लावतात. काऊन गा, म्हणजे काय रे, जेवलास का गा, चाल गा. बाईमाणसाशी बोलताना त्याच जागी ‘वो’ येतो. बाकी महाराष्ट्राचं ‘रे’ आमच्याकडेही आहे, पण ते लहानग्यांसाठी आणि हाताखालच्यांसाठी. ‘बे’ आहे, तो भांडणाच्या कामी येतो. ‘गा’ मात्र आपल्या माणसाला. तो म्हाताऱ्या आज्याला चालतो, मित्राला चालतो, आणि नांगराच्या बैलालाही चालतो. त्यात लाड असतो आणि मानही असतो. पुण्याच्या पाहुण्यांना तो रांगडा वाटतो. वाटो. आम्हाला त्यांचं ‘अहो’ ऐकून कोणीतरी रुसल्यासारखं वाटतं, ते आम्ही कधी बोलून दाखवत नाही.

डोमादादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रुळापासून दीड कोस आत. दोन्ही घरांचं अंगण एकच होतं. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीनं गावाचा तलाव बांधला असं सांगतात, आणि त्या तलावाचं पाणी वाटायचं काम तेव्हापासून आमच्या घराकडे आहे. पाणी वाटणाऱ्याला पाणकर म्हणतात. दादाच्या वडिलांचे, म्हणजे मोठ्या काकांचे, गुडघे गेले तेव्हा दादा सातवीत होता. त्यानं दप्तर खुंटीला लावलं आणि तो तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला, तो जवळपास पन्नास वर्षं तिथंच उभा होता. त्याला कोणी शाळा सुटल्याचं दुःख विचारलं तर म्हणायचा, शाळेत एकाचंच ऐकावं लागत होतं, इथं सगळ्या शिवाराचं ऐकावं लागते.

ऐकावं लागते हे तो उगाच म्हणत नसे. पाणी सोडायची आमच्या गावची एक रीत आहे, आणि तिच्यावाचून दादा समजणार नाही. पारीच्या पोटात तुडूम असतं, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. त्यात लाकडी दट्ट्या बसवलेला असतो. तो ओढला की पाणी पाटात उतरतं आणि बांधीमागून बांधी भरत खाली जातं. बांधी म्हणजे धानाचं एकेक वाफ्यासारखं शेत. अशा शे-सव्वाशे बांध्या आमच्या तलावाखाली. पण पाणकर दट्ट्याला हात लावण्याआधी हाक देतो. ती पहिल्या शेतातला माणूस ऐकतो आणि पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत ती हाक शिवाराच्या टोकाला, नाल्याकाठच्या शेवटच्या बांधीपर्यंत जाते. शेवटचा माणूस आपला धुरा, म्हणजे बांधीची कड, नीट आहे का, कोणी वाटेत वाकून काम करत नाही ना, हे पाहतो आणि ‘सोड गा’ म्हणतो. ते उत्तर तसंच तोंडातोंडी वर येतं. ते आल्यावरच पाणी सुटतं. पुढे पाणी त्याच्या बांधीत शिरलं की तो पुन्हा ओरडतो, ‘पोचलं गा’. तेही वर येतं, आणि तोवर पाणकरानं पारीवरून हलायचं नाही. इतर गावांत वरचे आपापलं भरून घेतात आणि खालचे भांडत बसतात. आमच्याकडे भांडणं होत नाहीत असं नाही, आम्ही काही देवमाणसं नाही. पण पाण्यावरून खालच्याचा तळतळाट घेतला, असं आमच्या घरावर अजून कोणी बोललेलं नाही.

ह्या हाकेत नाव नसतं. ‘होऽऽ गा’ एवढंच. मी दहा वर्षांचा असेन, दादानं मला पहिल्यांदा पारीवर उभं केलं आणि हाक द्यायला लावली. मी मोठ्या ऐटीत शेवटच्या शेतकऱ्याचं नाव घेऊन ओरडलो. तिसऱ्या शेतापलीकडे काही गेलं नाही. दादा हसला. म्हणाला, ‘नाव कायले घेतं? आज शेत त्याचं हाये, उद्या दुसऱ्याचं राहीन. गा लाव. गा पोचते.’ मग त्यानं छाती भरून हाक दिली, ती ऐकत मी उभा राहिलो. त्यातला ‘आ’ लांबत लांबत खाली गेला, मधे कोणीतरी उचलला, पुढे आणखी कोणी... आणि मग बराच वेळ नुसती पाखरं. मी म्हटलं, कोणी ऐकलंच नाही. दादानं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं, खालून, बारीक झालेलं, ‘सोड गाऽऽ’. मला तेव्हा जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. जगात आपलं कोणीतरी ऐकतं याची खात्री, असं काहीतरी ते होतं.

आठवीला मला गोंदियात शिकायला ठेवलं. दादा सायकलवर डबलसीट घेऊन सालेकशाच्या स्टेशनात सोडायला आला, गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून चालत होता. गोंदिया म्हणजे हिंदीचं राज्य. पहिल्याच आठवड्यात मी वर्गातल्या एकाला ‘काऊन गा’ म्हटलं, आणि तो बाक वाजवत म्हणाला, क्या गाऊँ, तू ही गा! त्यानंतर वर्षभर मी दिसलो की पोरं बाकावर ठेका धरायची. मी सुटीत घरी येऊन दादाजवळ रडलो. त्याला आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून त्यानं ते आवरलं. म्हणाला, त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ गाणं होत असेल, त्यात त्यांची चूक नाही. तूही चूक नाहीस. दोन गावांत एका नावाची माणसं असतात का नाही? तसा हा शब्द आहे, इथला वेगळा, तिथला वेगळा. कोणी कोणाच्या घरात राहू नये, एवढं झालं म्हणजे पुरे. सातवी शिकलेल्या माणसानं भाषेबद्दल इतकं शहाणं बोललेलं मी पुढे कॉलेजातही फार ऐकलं नाही. पण मी त्या वेळी ते ऐकून घेतलं आणि गोंदियात ‘गा’ टाकून दिला. पोरांनी ठेका धरणं थांबवलं. मला तो माझा शहाणपणा वाटला.

पुढे मी मराठी घेऊन शिकलो. एकदा वर्गात सरांनी सांगितलं, की जुन्या मराठीत, ओव्या-अभंगांच्या काळी, ‘गा’ सर्रास होता आणि संत थेट देवाला ‘गा’ म्हणत. मी अक्षरशः उडालो. त्या शनिवारी दुपारची पॅसेंजर पकडून गावी गेलो, धावत पारीवर गेलो आणि दादाला ही बातमी दिली. मला वाटलं त्याला आश्चर्य वाटेल. तो बिडी विझवत शांतपणे म्हणाला, ‘म्हंजे देवबी आपल्याच गावचा होय म्हन ना.’ आणि दट्ट्याला गुंडाळलेल्या चिंध्या बदलायला लागला. देवाच्या बाबतीत तो असाच घरगुती होता.

त्याचं लग्न झालं ते डोंगरगडकडच्या मुलीशी. दरेकशाचा घाट ओलांडला की छत्तीसगडी सुरू होते. फुलबासनवहिनी बैलगाडीतून आल्या तेव्हा आमच्या आयाबायांना एकच काळजी, हिची बोली आपल्याला समजेल का, हिला आपली समजेल का. नव्या नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून परीक्षाही घेता येईना. गाडी अंगणात शिरताना चाक उखळाला घासलं आणि पदराआडून वहिनी पटकन गाडीवानाला म्हणाल्या, ‘थाम गा!’ मग माझी आई म्हणाली, आता कशाची काळजी, पोरगी तर घरचीच आहे. छत्तीसगडीतही ‘गा’ आमच्यासारखाच, पुरुषाला हाक मारायचा. सरकारनं मधे राज्याची सीमा आखली, पण ते अक्षर घाटात अडकलं नाही. वहिनींनी जुन्या रीतीप्रमाणे दादाचं नाव आयुष्यात कधी तोंडी घेतलं नाही. त्याला बोलवायचं तर ‘सुनत हव गा?’ एवढंच. तेवढ्यावर चाळीस वर्षांचा संसार झाला.

आता माझ्या चुकीकडे येतो. लांबवत होतो, हे वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलंच असेल. मी गोंदियात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो, लगतच्या कुडव्यात घर बांधलं आणि वास्तूला कॉलेजच्या मंडळींना बोलावलं. पुढच्या खोलीत सगळे बसलेले, कोणी हिंदीत विनोद सांगतंय, मी नवा सफारी घालून. तेवढ्यात दादा आला. डोक्यावर चिन्नोर तांदळाचं पोतं, धोतर गुडघ्यापर्यंत, पायाला पाटाचा चिखल. पहाटे पाणी सोडून, ‘पोचलं’ ऐकून मग निघाला होता. दारातून त्यानं मोठ्यांदा, शिवाराला ऐकू जाईल अशी हाक दिली, ‘काऊन गा हंसू, पोट सुटून रायलं गा तुझं!’ खोली हसली. एक प्राध्यापक म्हणाले, भाईसाहब गाना बहुत अच्छा गाते हैं. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला बाकावरचा तो ठेका ऐकू आला. मी दादाला मागच्या पडवीत नेलं, पाणी दिलं, आणि म्हणालो... शब्द पक्के आठवतात, विसरता आले तर बरं होईल. म्हणालो, ‘दादा, इथं चारचौघांत हे गा-गू नको करत जाऊ. मला इथं सर म्हणतात.’

तो चिडला असता तर मी सुटलो असतो. त्यानं पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणानं म्हणाला, ‘बरं. नाई म्हनत.’ पुढच्या खोलीत येऊन सगळ्यांबरोबर जेवला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, ‘येतो सर. घर चांगलं बांधलं तुमी.’ मला वाटलं पाहुण्यांसमोर म्हणतोय. पंधरा दिवसांनी गावी गेलो तर अंगणात, जिथं तिसरं कोणी नव्हतं, तिथंही तेच. ‘या सर. कवा आले?’ मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. टोमणाही नव्हता त्यात. टोमणा मारणं त्याला येतच नव्हतं. धाकट्या भावानं एक गोष्ट सांगितली, ती त्यानं पाळली, इतकंच. खालच्या माणसानं ‘थांब’ म्हटलं की हा माणूस पाणी थांबवत असे, कारण विचारत नसे. तसंच त्यानं हे केलं. तेव्हापासून मी सर झालो आणि ‘तुमी’ झालो. अठरा वर्षं.

परत मागणं किती सोपं होतं. दादा, चुकलं, म्हण गा पुन्हा... एवढंच. पण मी मुळात ताठ माणूस, त्यात मास्तर. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. ते मागता येईना म्हणून की काय, मी त्या अक्षराच्या मागे कोशांतून लागलो. कुठला हा, कोणाकडून आला? कोश चाळले तर एकवाक्यता नाही. कोणी त्याला अपभ्रंशाच्या काळात नेतो, कोणी म्हणतो हा हाकेचा नुसता उद्गार आहे, त्याला मूळ शोधू नये. संस्कृतात गाण्याचा धातू तोच. हिंदीत तो क्रियापदाच्या शेपटाला लागून उद्याचं बोलतो. आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेलं एक तेलुगू कुटुंब आहे. त्या अम्मा नातवाला जिन्यावरून ‘मेल्लगा, मेल्लगा’ म्हणत उतरवतात, म्हणजे हळूहळू. तिथला ‘गा’ ‘कसं’ ते सांगतो. मी ही सगळी जमवाजमव वहीत केली आणि एका बोली-संमेलनात त्यावर निबंध वाचला. कसा एकच आवाज चार भाषांत चार घरी नांदतो, कसे त्यांचे गोत्र निराळे, कसा आमचा ‘गा’ हा माणसाला माणसाशी बांधणारा... टाळ्या पडल्या. दादा आणि वहिनी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होते, मी त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर दादा पुढे आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘लई चांगलं बोलले सर.’

खांद्यावरची सत्काराची शाल त्या वेळी कोणी ओढून घेतली असती तरी मला इतकं उघडं वाटलं नसतं. तेव्हा मागायला हवं होतं. भोवती माणसं होती, फोटो काढणारे होते. पुन्हा चारचौघे आड आले.

शेवटची भेट आषाढातली. दमा बळावला होता, दादा पडवीत खाटेवर उशांना टेकून बसलेला. आवाज पार बसला होता. शिवारभर जाणारा तो आवाज खाटेच्या कडेपर्यंतही पोचत नव्हता. ऐकायला वाकावं लागत होतं. मी त्या दिवशी ठरवून गेलो होतो, स्कूटीवरून जाताना वाक्यसुद्धा घोकलं होतं. वहिनींनी चहा आणला. दादा म्हणाला, तुडुमाच्या दट्ट्याला तेल दिलं का ते कोणाला तरी पाहायला सांगा. मी म्हटलं, सांगतो. तो म्हणाला, पाऊस दसऱ्याच्या आत दगा देईल असं वाटतंय, उशिराचा भारी धान गर्भात असेल, लोंबी यायची असेल, तेव्हा पाणी लागेल. मी म्हटलं, हो. ते घोकलेलं वाक्य जिभेवर आलं... आणि त्याला खोकल्याची उबळ आली. पाठ चोळता चोळता हाताला नुसती हाडं लागली. या माणसाकडून आता अजून काही मागायचं? निघताना त्यानं बोटानं डोंगराकडे दाखवलं. ‘जपून जा सर. दरेकशाकडून ढग येऊन रायले.’ मी वळून पाहिलं नाही, डोळे पुसायचे होते.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. दादाच्या दोन्ही मुली, जावई, शिवारातले यच्चयावत शेतकरी. पंगती उठल्यावर मी पडवीत त्याच खाटेच्या कडेला बसलो. खाट रिकामी होती, उशा काढल्या होत्या. वहिनी येऊन जोत्यावर बसल्या. हातात दादाचा फोन होता, तो छोटा, बटणांचा. म्हणाल्या, याचं काय करायचं, तुम्ही ठेवता का? मी कशाला ठेवू, असं म्हणायला गेलो आणि मला आवरेना. त्यांच्याजवळ सगळं बोलून टाकलं. वास्तूचा दिवस, मागची पडवी, गा-गू. म्हणालो, वहिनी, दादानं मला अठरा वर्षं परकं करून ठेवलं, आणि चूक माझीच होती, आणि मला ती मिटवता आली नाही.

वहिनी ऐकत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कळेना, त्या चक्क थोड्या हसल्या. म्हणाल्या, ‘परकं कायले करतीन भाऊजी? तुमचा फोन आला का बोलत होते सर सर. तुमी फोन ठेवला, का मंग तो बंद फोन कानालेच लावून म्हनत होते, जपून राय गा हंसू. एक बी डाव नाई चुकलं कवा.’ त्या पुढे म्हणाल्या, ‘मी म्हनो, फोन तं बंद झाला, कोनाले सांगून रायले? तं म्हने... पोचते त्याले.’

मी तिथंच बसून अठरा वर्षांतले फोन आठवत होतो. घाईत ठेवलेले, वर्गात जायचंय म्हणून ठेवलेले, आणि रागानंसुद्धा ठेवलेले काही. प्रत्येकाच्या मागे ते एक वाक्य उभं होतं आणि मी तेवढ्यापुरता थांबलो नव्हतो. चार भाषांतून जमवलेली माझी वही घरी कपाटात पडून होती. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी वहिनींसमोर लपवलं नाही.

दादाचं म्हणणं खरं ठरलं. दसऱ्याच्या आधीच पाऊस गेला. भारी धान गर्भात होता आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. गावानं बैठक घेतली. पाणकर कोण, हे पुढे ठरेल, पण या वर्षीची पहिली हाक घरच्यानं द्यावी, असं सगळ्यांचं मत पडलं. दादाला मुलगा नाही, जावई आपापल्या गावी. मला फोन आला. मी म्हटलं, माझा आवाज वर्गापुरता, शिवारात कुठला पोचणार? सरपंच म्हणाले, आवाजाचं आम्ही पाहतो सर, तुम्ही या.

गेलो. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं. पारीवर दादाची ठरलेली जागा आहे, तिथं मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर बसायला मन होईना, बाजूला उभा राहिलो. दट्ट्याला तेल दिलेलं होतं, मीच ते आषाढात कोणालातरी सांगितलं होतं. मी छाती भरली आणि हाक दिली. ‘होऽऽ गाऽऽ.’ चाळीसेक वर्षांनी तो ‘गा’ तोंडातून मोकळा निघाला. पहिल्या शेतातल्या माणसानं तो उचलला, पुढे दुसऱ्यानं, मग ऐकू येईना झालं. पाखरं बोलत होती. मी थांबलो. मास्तरकी करून करून उत्तराची वाट बघायची सवय गेलेली असते, आपणच उत्तर सांगून टाकतो. इथं तसं चालत नाही.

खालून आलं ते ‘सोड गा’ नव्हतं. दादा गेल्यावरची ही पहिलीच हाक होती ना! शेवटच्या बांधीवरून विचारणा झाली होती, ती तोंडातोंडी वर आली. पहिल्या शेतातला माणूस माझ्याकडे तोंड करून ओरडला, ‘कोन होय गा?’

रीतीत हा प्रश्न नाही, त्यामुळे त्याचं ठरलेलं उत्तरही नाही. मी नाव, हुद्दा, काही जुळवत बसलो नाही. ‘हंसू होय गा. डोमाचा भाऊ.’ ते खाली गेलं. किती तोंडांतून गेलं, वाटेत कोणी काय गाळलं, काय राखलं, माहीत नाही. पण परत आलं ते स्वच्छ होतं. ‘सोड गा हंसू.’

मी दट्ट्या ओढला. पाणी आधी गढूळ आलं, मग पाट भरून चालायला लागलं. माझ्याबरोबर पारीवर आलेले शेतकरी एकेक करून आपापल्या धुऱ्यावर गेले. मी पारीवर थांबलो, थांबायचंच असतं. ऊन वर चढलं, चहा घेऊन वहिनी स्वतः आल्या, काही न बोलता पेला देऊन गेल्या. मोहाखालच्या दगडावर मी कधी बसलो ते मला कळलं नाही. अकराच्या सुमाराला खालून हाक चढत चढत वर आली, ‘पोचलं गाऽऽ’. एवढं ऐकलं की पाणकर उठून घरी जाऊ शकतो. दादा मात्र त्यालाही एकदा उत्तर देत असे, ही त्याची स्वतःची सवय, रीतीत नाही. मी उठून उभा राहिलो आणि उत्तर दिलं.

‘पोचलं गा.’

खालच्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणतोय. त्यांनाही होतंच ते.